सोनटक्क्यांचं मागचं चाक

बळवंत सोनटक्के मला माणूस म्हणून दिसायच्या आधी अर्ज म्हणून दिसले. मी तेव्हा दिल्लीतल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि सहावी ब माझ्याकडे होती. त्या वर्गातल्या केतकीला दोन दिवस ताप आला. इतर मुलांचे आईबाप अशा वेळी डायरीत एक ओळ खरडून पाठवतात. केतकीच्या वडिलांचा दीड पानी अर्ज आला. त्याला विषय होता, संदर्भ होता, तीन परिच्छेद होते आणि शेवटी 'सोबत : तापमानाचा तक्ता, एक पान' असं लिहिलेलं होतं. तक्त्यात दर चार तासांनी मोजलेला ताप होता, आणि शेवटच्या रकान्यात शेरा होता, 'सुधारणा समाधानकारक'.

अर्जामागोमाग ते स्वतःही आले, अर्ज पोचला की नाही ते पाहायला. स्टाफरूमच्या दारात उभं राहून त्यांनी हेल्मेट काढलं, ठेवायला जागा शोधली, आणि शेवटी ते माझ्या टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलावर घातलं. उत्तर गोलार्ध सगळा झाकला गेला.

"पोच मिळेल का, बाई?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणाच्या तापाची पोच दिली नव्हती. त्या दिवशी दिली. त्यांनी ती घडी घालून वरच्या खिशात ठेवली, हेल्मेट उचललं, आणि युरोप-आशिया पुन्हा उजेडात आले.

खिडकीतून मी त्यांना जाताना पाहिलं. गेटपाशी त्यांची मोटरसायकल उभी होती. पुढचं चाक उंच, मागचं बुटकं आणि रुंद, मध्ये आरामखुर्चीसारखी खोल सीट. गाडी सपाट रस्त्यावर उभी असूनही घाट चढत असल्यासारखी दिसायची. सोनटक्के उंचीने बेताचे. हँडल धरायला त्यांना दोन्ही हात पूर्ण लांब करावे लागत, त्यामुळे ते गाडी चालवत आहेत यापेक्षा कुणीतरी त्यांना ओढून नेतंय असंच वाटे.

ही गाडी त्यांच्याकडे कशी आली ते मला पुढे कळलं. मी निवृत्त झाले आणि माझी सून सुखदा, जी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, तिच्याकडे लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमध्ये राहायला आले. वरच्या मजल्यावर सोनटक्के. ते एका मंत्रालयात अवर सचिव होते. त्यांच्या पत्नीने, सुनंदाने, पहिल्याच आठवड्यात चहा पिता पिता सगळं सांगितलं.

"अहो बाई, गाडी घ्यायला यांनी पाच महिने लावले. सात गाड्यांचा तक्ता केला. कुठली किती पेट्रोल खाते, कुठल्या सीटची उंची किती. ही पहिली आली. आणि दुकानात गेले तर तो म्हणाला, साहेब, कंपनीने हे मॉडेल बंद केलंय, शेवटची उरलीय, घेऊन जा."

"मग?"

"मग काय, घेतली. घरी येऊन म्हणाले, बघ, थांबलो म्हणून सूट मिळाली."

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मी त्यांची नुसती टिंगल करते आहे. टिंगल करतेच आहे, पण एक सांगून ठेवते. माझी पेन्शन एका चुकीच्या तारखेमुळे दीड वर्ष अडली होती. मी खेटे घालून थकले होते. सोनटक्क्यांनी एका रविवारी माझे सगळे कागद जमिनीवर पसरले, गुडघ्यांवर बसून क्रमाने लावले, आणि एक पत्र लिहून दिलं. तीन आठवड्यांत पेन्शन सुरू झाली. कॉलनीतल्या किमान चार घरांत असंच काहीतरी सांगतील. त्यांच्या हातात दुसऱ्याचा कागद आला की तो चालू लागायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र तेच कागद त्यांना जागच्या जागी बांधून ठेवत.

सोनटक्के मूळचे सिन्नरचे. बाविसाव्या वर्षी सरकारी परीक्षेला निघाले तेव्हा थोरला भाऊ विठ्ठल त्यांना स्टँडवर सोडायला आला होता. सोनटक्के ट्रंकेतल्या सामानाची यादी तिसऱ्यांदा ताडून बघत राहिले, आणि एसटी त्यांच्यासमोरून निघून गेली. परीक्षा एक वर्ष पुढे गेली. त्या गोष्टीला सदतीस वर्षं झाली तरी विठ्ठलराव दर फोनला सुरुवात त्याच वाक्याने करायचे, "बळवंता, एसटी अजून उभी आहे रे स्टँडवर."

याला उत्तर म्हणून सोनटक्क्यांनी एक बेत केला होता. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मोटरसायकलवर बसायचं आणि आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, धुळे करत तिसऱ्या दिवशी सिन्नरला भावाच्या दारात उतरायचं. पुढे तिथेच राहायचं. कॉलनीच्या गणपतीत दर वर्षी आरती संपली की ते हा बेत सांगत. मुक्काम कुठे, चहा कुठे, सगळं ठरलेलं. मंडळातली मंडळी ऐकता ऐकता प्रसादाच्या ताटाकडे सरकत.

"आणि सुनंदाताई?" कुणीतरी विचारायचं.

"मी रेल्वेने," सुनंदा म्हणायची. "माझी कंबर सरकारी नाही."

त्यांची जन्मतारीख एक जून. ती शाळेतल्या गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली. त्या काळात आमच्या धंद्यातल्या माणसांनी अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्माला घातला आहे. त्यामुळे निवृत्ती एकतीस मेला. आणि गाडीला पंधरा वर्षं पुरी होणार अकरा जूनला. दिल्लीत पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की रस्त्यावरून बाद. म्हणजे मध्ये दहा दिवस. सोनटक्क्यांना हे दहा दिवस फार आवडायचे. नियमात बसूनही हाताशी वेळ उरतो, याचा त्यांना अभिमान होता. गाडी महाराष्ट्रात नेण्याचा ना-हरकत दाखला तर त्यांनी वेळ व्हायच्या कितीतरी आधी तयार करून ठेवला होता.

कागद सगळे तयार होते. निवृत्तीच्या आदल्या सप्टेंबरात मागच्या चाकात खिळा घुसला तेवढाच काय तो प्रश्न.

कॉलनीच्या गेटाबाहेर पंक्चर काढणारा बसतो. त्याने टायर हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "साहब, ये टायर नहीं, टकला सिर है। नया डलवाओ।"

"मिल जाएगा?"

"सोला इंची, वो भी इतना चौड़ा? सत्रह माँगो तो दस मिलेंगे, अठारह माँगो तो बीस। ऐसा करो, पीछे का पहिया ही सत्रह का लगवा लो। घंटे भर का काम है।"

"आरसी में सोलह लिखा है," सोनटक्के म्हणाले.

आरसी म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड. त्या माणसाने वर पाहिलं. "साहब, सड़क आरसी नहीं पढ़ती।"

सोनटक्के घरी आले आणि त्यांनी फाईल उघडली. खरोखरीची फाईल, नाडीची. वर लिहिलं 'मागील टायर : बदली'. मी ती पाहिली आहे. पहिल्या पानावर परिच्छेदांना आकडे घालून गाडीचा इतिहास होता. चौथ्या परिच्छेदात खिळा आला.

ऑक्टोबरभर ते दर शनिवारी करोल बागेत जात. तिथल्या गल्ल्यांत मोटरसायकलच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून आहेत. टायरच्या चळती छतापर्यंत गेलेल्या, आणि प्रत्येक दुकानदार आपल्याजवळ जे आहे तेच चाकात बसेल अशी खात्री देणारा. एकाने सतरा इंची टायर सोळा इंची चाकावर "हवा कम रखके" बसवायचा सल्ला दिला. सोनटक्क्यांनी त्याचं नाव आणि सल्ला दोन्ही टिपून घेतलं.

चौथ्या शनिवारी केतकी त्यांच्याबरोबर होती. ती आता नोएडात नोकरी करते. गौरव नावाच्या एका तरुण दुकानदाराने पोटमाळ्यावरून एक टायर खाली टाकला. धूळ झटकली. रुंदी तीच, सोळा इंच, कंपनी चांगली, तारीख ताजी. पुढचं संभाषण केतकीने मला जसंच्या तसं ऐकवलं, आणि ऐकवताना तिला हसू आवरत नव्हतं.

"एक ही पीस है, अंकल। पूरे दिल्ली में नहीं मिलेगा। ले जाओ।"

"अच्छा। इसका कोटेशन बना दीजिए।"

"बिल बनाऊँ?"

"बिल नहीं, कोटेशन। लेटरहेड पर। और दो दुकानों से लूँगा, फिर तुलना होगी।"

"किससे तुलना, अंकल? दूसरा टायर है ही नहीं।"

"वो तुलना में आ जाएगा।"

गौरवने केतकीकडे पाहिलं. केतकीने छताकडे पाहिलं.

"अंकल, बाइक आपकी अपनी है ना?"

"हाँ।"

"चलाएगा कौन?"

"मैं।"

"मंज़ूरी किसकी चाहिए?"

"मेरी।"

"तो दे दो ना!"

"ऐसे नहीं होता," सोनटक्के म्हणाले.

केतकी म्हणाली, "बाबा, यार, घेऊन टाका ना."

"एकाच दुकानातून, एकच वस्तू, चौकशी न करता? उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार?"

छत्तीस वर्षांच्या नोकरीत उद्या कुणी विचारलं तर काय, याच धाकात सोनटक्क्यांनी प्रत्येक सही केली होती. विचारणारा कधी आला नाही, म्हणून धाक कमी झाला नव्हता. उलट, आपण नीट वागलो म्हणूनच तो आला नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुसरं कोटेशन गाझियाबादहून आलं. तिथल्या दुकानदाराकडे तो टायर नव्हता, पण माणूस भला. एवढा लांबून आलेला म्हातारा रिकाम्या हाताने कशाला जावा, म्हणून त्याने एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर भाव लिहून दिला आणि खाली शिक्का मारला. ते कोटेशन फाईलला लागलं. उलट बाजूने गणपतीचं चित्र आणि वधूवरांची नावं.

तिसऱ्याने मात्र अंत पाहिला. कुणीतरी सांगितलं, मानेसरला कारखान्यांजवळ एक मोठं गोदाम आहे. सोनटक्के मेट्रोने शेवटपर्यंत गेले, पुढे शेअर रिक्षात दोन कामगारांच्या मध्ये बसून गेले, तर गोदामाचा मालक लग्नाला गेलेला. दुसऱ्या खेपेला आला, पण शिक्का घरी राहिलेला. तिसऱ्या खेपेला धुकं इतकं होतं की रिक्षावाल्याने त्यांना भलत्याच कारखान्याच्या गेटावर उतरवलं आणि पहारेकऱ्याने त्यांना निरीक्षक समजून चहा पाजला. चौथ्या खेपेला, जानेवारीच्या शेवटी, कोटेशन मिळालं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की माल उपलब्ध नाही.

"मग याचा उपयोग काय?" मी विचारलं.

"बाई, नकारसुद्धा लेखी असावा लागतो," ते समाधानाने म्हणाले.

मग तुलनेचा तक्ता झाला. गौरवचा टायर सर्वांत योग्य ठरला. सोनटक्क्यांनी प्रस्ताव लिहिला, खाली स्वतःच मंजुरी दिली, तारीख घातली, आणि फाईल सुनंदाकडे 'सहमतीसाठी' पाठवली. म्हणजे जेवणाच्या टेबलावर तिच्या ताटाशेजारी ठेवली. सुनंदाने भाजीचा हात पुसला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'मी सप्टेंबरमध्येच सहमत होते.'

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मला करोल बागेत चष्मा करायला टाकायचा होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. फाईल त्यांनी काखेत धरली होती. गौरवने त्यांना लांबूनच ओळखलं.

"अरे अंकल! आइए आइए। अप्रूवल आ गया?"

"आ गया," सोनटक्के म्हणाले. इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"बहुत बढ़िया। टायर चला गया।"

"कहाँ?"

"नवंबर में। गुड़गाँव से एक लड़का आया था। उसने पूछा, है? मैंने कहा, है। ले गया।"

"बस?" सोनटक्क्यांनी विचारलं.

"बस।"

त्यांनी मान वर करून त्या रिकाम्या पोटमाळ्याकडे पाहिलं. गौरवला वाईट वाटलं असावं. त्याने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की बाहेर देशातून मागवता येईल, तीन-चार महिने लागतील. यावेळी सोनटक्क्यांनी कोटेशन मागितलं नाही. मागणीच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली. परत येताना मेट्रोत म्हणाले, "फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. बसतंय, बाई."

वर्गातला मुलगा असता तर त्याला काय बोलायचं ते मला माहीत होतं. यांना मी म्हटलं, "हो, बसतंय."

मार्चमध्ये टायर जहाजात होता. एप्रिलमध्येही जहाजात होता. मेमध्ये तो बंदरावर उतरला आणि कुठल्यातरी कागदावर सही नसल्यामुळे अडकला. सोनटक्क्यांना हे कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. "सही नसेल तर कसा सोडतील?" म्हणाले, आणि आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं जणू अख्ख्या जगात तेवढा एक बंदरावरचा माणूसच त्यांना समजून घेतो.

एकतीस मेला त्यांना निरोप दिला गेला. शाल, नारळ, घड्याळ. एक जूनला सकाळी सहा वाजता मी सवयीने गॅलरीत आले. खाली गाडी पुसून उभी होती. सोनटक्के तिच्या शेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते.

"निघा हो आहे त्याच टायरवर," वरून सुनंदा म्हणाली. "हळू जा. पाच दिवस लागू देत."

"टकला आहे तो," सोनटक्के म्हणाले.

"मग सतराचं चाक लावून घ्या. तो गेटावरचा अजून बसलाय."

"आरसीवर सोळा आहे, सुनंदा."

ती आत निघून गेली. भांड्यांचा आवाज आला.

दहा दिवसांपैकी आठ असे गेले. नवव्या दिवशी त्यांनी गाडी निजामुद्दीन स्टेशनवर ढकलत नेली. पेट्रोल काढून टाकलं, गाडीला गोणपाट गुंडाळलं, आणि ती पार्सल म्हणून नाशिक रोडला रवाना झाली. सगळे कागद बिनचूक होते. पार्सल क्लार्कने म्हणे विचारलं, इतके व्यवस्थित कागद कोणी करून दिले.

"तुम्ही का नाही गेलात बरोबर?" मी विचारलं.

"टायर इथे येणार ना. ताब्यात कोण घेणार? तो घेतो आणि जातोच."

टायर ऑगस्टमध्ये आला. नवा, काळाभोर, चकचकीत वेष्टनात. सोनटक्क्यांनी तो माझ्या दारात आणून दाखवला. मी हात लावून पाहिला. चांगला होता. त्यांनी तिथूनच, माझ्या सोफ्यावर बसून, भावाला फोन लावला, आणि ऐकायला मोठा आवाज लागतो म्हणून स्पीकर चालू केला.

"दादा, टायर आला."

"कसला टायर?"

"गाडीचा. मागचा. घेऊन येतो, बसवू आणि..."

"अरे बळवंता, गाडी मस्त चालते! रोज नेतो मी. काल वावीला जाऊन आलो."

सोनटक्के सरळ बसले. "कशी चालते? टायर माझ्याकडे आहे."

"मागचं चाकच बदललं. सतराचं बसवलं. इथल्या मिस्त्रीने जेवणाच्या आधी करून दिलं."

"दादा, आरसीवर सोळा लिहिलंय!"

"हो का?" विठ्ठलराव म्हणाले. "मग आरसीला सांग."

फोन संपल्यावर ते बराच वेळ त्या टायरच्या वेष्टनावरून बोट फिरवत राहिले. मी चहा ठेवायला उठले.

"बाई, त्याने मला विचारलंसुद्धा नाही," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. माणूस खोटं बोलत नाही, हे मी पहिल्या अर्जापासून ओळखून आहे. "तर मी लेखी मागितलं असतं," ते म्हणाले.

क्वार्टर सोडायची मुदत नोव्हेंबरच्या अखेरीस संपली. केतकीने गाझियाबादला फ्लॅट घेतला होता. त्याच मजल्यावर दुसरा रिकामा होता, तो सुनंदाने पाहिला, आवडला, आणि त्याच दिवशी हो म्हणून आली. कोटेशन एकही नाही. सिन्नरला जायचं अजून आहे, असं सोनटक्के म्हणतात. गाडीवरून जाणार होतो, आता गाडीच तिथे आहे, तेव्हा कसं जायचं यावर विचार चालू आहे. सुनंदा दिवाळीत आपली रेल्वेने जाऊन आली. भावोजींच्या मागे बसून आठवडी बाजाराला गेली होती. कंबर दुखली नाही म्हणाली.

मी गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जाऊन आले. टायर दाराच्या मागे उभा आहे, वेष्टनासकट. तो कुरियरने सिन्नरला पाठवावा असं ठरलं आहे. तिथे त्याचा उपयोग नाही, पण गाडीचा आहे तर गाडीजवळ असावा. दोन कुरियरवाल्यांचे भाव आले आहेत.

चौथा मजला, लिफ्ट बरेचदा बंद. सोनटक्के रोज सकाळी सात वाजता जिना उतरतात आणि दूध आणायला पायी जातात.